चारशे बारा माणसं आणि एक जावई

छत्रीवाल्याचं बिंग फोडलं ते एका रिकामटेकड्या खेळाडूने.

कॉम्प्युटरवरचा खेळ, तसा साधाच. एक गाव. गावात तुम्ही घर घ्यायचं, बाग लावायची, मांजर पाळायचं, शेजाऱ्यांशी सूत जमवायचं. तुमच्याखेरीज गावात चारशे बारा माणसं होती, पण ती तुमच्याशी दोन शब्द बोलण्यापुरतीसुद्धा नव्हती; गाव ओसाड दिसू नये एवढ्यासाठी होती. सकाळी आठला घराबाहेर पडायची, संध्याकाळी पाचला परतायची. मधले नऊ तास ती काय करतात, हे विचारायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. खऱ्या आयुष्यात तरी आपण कुठे विचारतो? समोरच्या घरातला माणूस वीस वर्षं बॅग घेऊन जाताना दिसतो. ती बॅग तो कुठल्या टेबलावर ठेवतो, ते आपल्या गावीही नसतं.

पण या खेळाडूने मनावर घेतलं. त्याने आपली बाग वाळू दिली, मांजर उपाशी ठेवलं आणि हातात छत्री असलेल्या एका टकल्या माणसाच्या मागे खेळातले अकरा दिवस फिरला. टकल्या आठला निघे, बेकरीवरून डावीकडे वळे, पोस्टाच्या मागच्या भिंतीपाशी जाई आणि भिंतीकडे तोंड करून पाच वाजेपर्यंत उभा राही. पाचाच्या ठोक्याला दमल्या पावलांनी घरी. दारात बायको विचारी, "कसा गेला दिवस?" तो म्हणे, "खूप काम होतं."

याचा व्हिडिओ निघाला. दोन दिवसांत लाखो लोक पोट धरून हसले. एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरची सव्वीस माणसं तेवढी हसली नाहीत, कारण तो खेळ त्यांनी बनवला होता.

त्यांच्या मुख्याला सगळे कप्तान म्हणत. "आपण सगळे एका बोटीत आहोत," हे वाक्य तो दिवसातून तीनदा म्हणे, म्हणून कप्तान. बोटीला वल्ही किती आणि ती कोण मारतं, हे त्याने कधी मोजलं नव्हतं. त्याने सगळ्यांना काचेच्या खोलीत जमवलं आणि सांगितलं, "आपल्या माणसांना खऱ्या वाटतील अशा नोकऱ्या पाहिजेत. अडीच महिन्यांनी गुंतवणूकदार पाहुणे खेळ बघायला येणार आहेत. नोकऱ्यांबद्दल इथे कोणाला काय माहिती आहे?"

तिथले बहुतेक सगळे कॉलेजातून उठून थेट ऑफिसच्या चाकाच्या खुर्चीत बसलेले. नोकरी म्हणजे ती खुर्ची, एवढाच त्यांचा अनुभव.

शेवटी कोपऱ्यातून एक आवाज आला. "माझ्या सासूबाई एकतीस वर्षं रोजगार कचेरीत होत्या."

हा आवाज 'अनुभव-सुसंवाद प्रमुखां'चा. हुद्दा असा की ऐकणाऱ्याने पुढे काही विचारू नये. प्रमुख खरे, पण हाताखाली कोणी नव्हतं. आणि सुसंवाद कोणाचा कोणाशी, ते त्यांनाही घरी नीट सांगता येत नसे.

अशा रीतीने सासूबाई जावयाच्या ऑफिसात रुजू झाल्या, तीन महिन्यांपुरत्या. पहिल्याच दिवशी सगळे त्यांना आत्या म्हणू लागले. त्यांच्या हातात बुटाच्या खोक्याएवढी पत्र्याची पेटी होती. कचेरीने निवृत्तीच्या दिवशी घड्याळ दिलं होतं. ही कोऱ्या कार्डांची पेटी त्यांनी स्वतः मागून घेतली होती. जावयाला त्या चारचौघांत "जावईबापू" आणि "तुम्ही" म्हणत, त्यामुळे पहिल्या दुपारपर्यंतच तो अख्ख्या ऑफिसचा जावईबापू झाला. अनुभव-सुसंवाद प्रमुखांपेक्षा हे म्हणायलाही सोपं होतं.

आत्यांनी आधी गावाची मोजदाद केली.

"फुलवाले त्र्याऐंशी?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"मला फुलं काढायला आवडतात," चित्रकारीण म्हणाली. गावातलं जे जे डोळ्यांना दिसे ते तिने काढलेलं होतं.

"छंद म्हणून ठीक आहे. पण चारशे बारांत त्र्याऐंशी म्हणजे पाच माणसांमागे एक फुलवाला. बाकीचे चार सकाळ-संध्याकाळ फुलंच विकत घेतात का?"

डॉक्टर अकरा निघाले, दवाखाना झाडणारा एकही नाही. पोस्टमन सहा, पत्र टाकणारं कोणी नाही. बेकरीत गिऱ्हाईकं रांग लावत, पण भट्टीवर माणूस नव्हता; पाव फळीवर आपोआप उगवे. नऊ इमारतींना लिफ्ट होत्या आणि त्या दुरुस्त करणारा जन्माला आला नव्हता. शिवाय कोट घातलेली पन्नास माणसं रोज एका काचेच्या इमारतीत शिरत.

"हे काय करतात?"

"व्यावसायिक आहेत ते," प्रोग्रामर म्हणाला. चित्रकारणीच्या चित्रांना चालायला, वळायला, रांगेत उभं राहायला लावायचं काम त्याचं. "मीटिंग असते त्यांची."

"कशाबद्दल?"

त्याने जरा विचार केला. "पुढच्या मीटिंगबद्दल असावी."

आत्यांनी पेटी उघडली. कार्डावर छापील रकाने चारच होते: नाव, वय, शिक्षण, अनुभव. पाचवा रकाना त्या स्वतः पेन्सिलने आखत. एकतीस वर्षं आखत आल्या होत्या आणि कचेरीतल्या साहेबांना त्याचा कधी पत्ता लागला नव्हता. त्यात एकच प्रश्न: 'उद्या आला नाही तर दुपारपर्यंत कोण शोधत येईल?'

"नोकरी कशी ओळखायची, एवढंच मला कळतं," त्या म्हणाल्या. "मोठमोठे हुद्दे घेऊन लोक यायचे माझ्यासमोर. हा प्रश्न विचारला की छताकडे बघायचे. एकदा एक गटार उपसणारा आला. त्याने बोटं मोजून अकरा नावं सांगितली, बारावं आठवत होता."

पहिलं कार्ड त्यांनी छत्रीवाल्याचं काढलं. बराच वेळ त्या पडद्यावर त्याची पाठ बघत राहिल्या. मग लिहिलं: लिफ्ट दुरुस्ती. शोधत कोण येईल: सहाव्या मजल्यावरची गुडघे धरलेली म्हातारी, तिला भाजी पोचवणारा, दवाखान्यातली स्ट्रेचरवाली, शिवाय लिफ्टमध्ये अडकलेला एक फुलवाला.

"छत्री काढा मग त्याची," आत्या म्हणाल्या. "हत्यारांची पिशवी द्या."

"छत्री राहील," चित्रकारीण म्हणाली आणि आवाज चढवला. "जावईबापू, त्याला सांगा, पिशवी उजव्या हाताला, छत्री डाव्या. आणि माझ्या छत्रीला हात लावायचा नाही."

'त्याला' म्हणजे प्रोग्रामरला. तो तिच्यापासून चार फुटांवर बसला होता. मध्ये एक कुंडी होती, बस. जावईबापू उठले, कुंडीला वळसा घातला आणि प्रोग्रामरला म्हणाले, "ती म्हणते, पिशवी उजवीकडे दिलीस तर फार छान दिसेल."

आत्यांना हे जरा चमत्कारिक वाटलं, पण नव्या जागी पहिल्याच दिवशी नाक खुपसू नये.

दीड महिन्यात गाव पालटलं. साठ फुलवाल्यांचे सफाईवाले, गवंडी, शिंपी, घड्याळजी झाले. भट्टीवर पहाटे चारला येणारा भटारी बसला. कोटवाल्यांपैकी बारा जणांना आत्यांनी पाणीपुरवठ्याकडे वळवलं. कोट तेवढे अंगावर राहिले. ज्यांना काहीच जमवता येईना अशा तिघांना त्यांनी घरमालक केलं. ऑफिसने शंभर खेळाडूंना बोलावून सांगितलं, वाटेल त्या माणसाच्या मागे दिवसभर फिरा. एक मुलगी छत्रीवाल्यामागे तीन दिवस फिरली आणि म्हणाली, "याला सुट्टी द्या हो. किती राबतो."

कप्तान खूश झाला. आणि कप्तान खूश झाला की कोणाच्या तरी मानेवर बसे.

सोमवारी त्याने आत्यांच्या पेटीतली सव्वीस कोरी कार्डं मागून घेतली. "जे गावाला, ते आपल्याला," तो काचेच्या खोलीत म्हणाला. "शुक्रवारपर्यंत प्रत्येकाने आपलं कार्ड भरायचं. पाचवा रकाना रिकामा राहील त्याला आपण नव्या क्षितिजांसाठी मोकळं करू."

"तुमचंही?" कोणीतरी मागून विचारलं.

"मी बोट चालवतो. माझं कार्ड कसं असेल?"

आत्यांनी जावयाकडे पाहिलं. जावईबापू खाली मान घालून कार्डाची कड नखाने उसवत होते.

त्या संध्याकाळी लेकीच्या घरी जेवणं उरकली. जावईबापू कार्ड आणि खोडरबर घेऊन आतल्या खोलीत गेले. लेक भांडी पुसत होती. पुसत कसली, आपटत होती.

"आई, तुझ्या त्या रकान्याने पुण्य मिळवलंस ना एकतीस वर्षं? आता भोगायचं आम्ही."

"मला काय ठाऊक कप्तान असं करेल."

"मागची नोकरी गेली ना याची," लेकीने आवाज खाली आणला, "तेव्हा मला सहा आठवडे कळलंच नव्हतं. तुला तर सांगितलंच नाही मी. रोज आठला बॅग घेऊन निघायचा. वाचनालयात बसायचा. खिडकीकडच्या खुर्च्या पेन्शनर अडवून ठेवायचे, म्हणून हा भिंतीकडे तोंड करून. पाचला घरी. मी विचारायचे, कसा गेला दिवस. म्हणायचा, खूप काम होतं."

आत्यांच्या हातातला डाव तसाच राहिला.

"सगळं जग तो व्हिडिओ बघून हसत होतं तेव्हा हा उठून गॅलरीत गेला. आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात तुझं नाव सुचवलं. त्या टकल्याला नोकरी लागावी म्हणून. कळतंय का तुला?" लेकीने फडकं झटकलं. "टकल्याला पहिल्याच दिवशी लावलीस. आता याला लाव. परत भिंतीसमोर बसला तर हा नाही उठायचा, आई."

आत्यांनी खोलीत डोकावून पाहिलं. कार्डावरचा पाचवा रकाना खोडून खोडून कापसासारखा झाला होता. अक्षर एकही नव्हतं.

आत्यांचा एक नेम होता: कार्डावर खोटी नोंद करायची नाही. साहेबांच्या मेहुण्यासाठीही त्यांनी तो मोडला नव्हता. जावयासाठी मोडायचा तर एकतीस वर्षांचं मातेरं. तेव्हा त्यांनी आपली जुनी रीत धरली. ज्या माणसाचं काम कळत नाही, त्याच्यामागे दिवसभर फिरायचं.

मंगळवारी त्या वही घेऊन जावयाच्या मागच्या खुर्चीत बसल्या.

नऊ चाळीस. चित्रकारीण: "त्याला सांगा, माझ्या दिव्याच्या खांबांना पुन्हा हात लावलास तर हात जागेवर राहणार नाही." जावईबापू उठले, कुंडीला वळसा. "ती म्हणते, खांब मस्त बसलेत, तसेच राहू दे."

नऊ बेचाळीस. प्रोग्रामर: "तिला सांगा, तिच्या खांबांपायी अख्खं गाव रांगतंय." वळसा. "तो म्हणतो, खांब देखणे आहेत, फक्त किंचित जड."

दोघंही चार फुटांवर. मूळ वाक्य दोघांच्याही कानात स्पष्ट पडे. पण ते ऐकलं असं धरायचं नाही, जावईबापूंच्या तोंडून आलं तेच खरं, हा तिथला दंडक. आत्यांनी कॉफीच्या मशीनपाशी चौकशी केली. कारण दोन वर्षांपूर्वीचं. चित्रकारणीने तीन आठवडे खपून गावच्या चौकातलं मोठं झाड काढलं होतं, पान न् पान वेगळं. खेळ हळू चालतो म्हणून प्रोग्रामरने तिला न विचारता निम्मी पानं उडवली. ती म्हणाली, माझ्या झाडाचं मुंडण केलंस. तो म्हणाला, झाडाला कळलं तरी का? तेव्हापासून बोलणं बंद. कप्तानाने दोघांना मशीनवरून संदेश पाठवायला सांगितलं होतं. त्यांनी मशीनवरही एकमेकांना दार लावून घेतलं.

बारा पंधरा. चित्रकारीण: "त्याला सांगा, यादीतून एक बाक काढलाय. तीनशे सातपासून पुढचं सगळं एकेक मागे घे." हा निरोप मात्र जावईबापूंनी एक मात्राही न बदलता पोचवला. प्रोग्रामरने आपल्या यादीतले आकडे सरकवले. गावातली प्रत्येक वस्तू आकड्याने ओळखली जाई; चित्रं तिच्याकडे, आकडे त्याच्याकडे. आकडा एकाने चुकला तरी भलतंच चित्र पुढे येई.

साडेपाचपर्यंत आत्यांनी कुंडीला घातलेले वळसे मोजले. अडतीस भरले.

घरी येताना त्यांनी विचारलं, "जावईबापू, तुमच्याशिवाय त्या दोघांचं कसं चालेल?"

"ते काय काम आहे होय, आई? ते मी माझं काम बाजूला ठेवून करतो."

"मग तुमचं काम कोणतं?"

"तक्ता बनवतो. सुसंवादाचा. कुठे सुसंवाद आहे तिथे हिरवं, नाही तिथे लाल."

"तो कोण बघतं?"

जावईबापूंनी बॅग दुसऱ्या हातात घेतली. "गेल्या वर्षी एकदा कप्तान रंग आवडले म्हणाला होता."

बुधवारी दुपारी आत्यांनी त्यांना जिन्यात गाठलं. "तुमची रजा शिल्लक आहे का?"

"सगळीच आहे."

"उद्याची घ्या."

"उद्या पाहुणे आहेत, आई."

"म्हणूनच. हा रकाना लिहून भरत नाही, जावईबापू. घरी बसून भरतो."

त्यांनी भीत भीत मशीनवर रजेचा अर्ज टाकला. मशीनने पापणी लवायच्या आत मंजूर केला. कोणाला पत्ता लागला नाही. आत्यांनी तेही वहीत टिपलं. शकुन चांगला नव्हता.

गुरुवारी सकाळी साडेअकराला पाहुणे आले. पाच जण, उत्तम बूट. त्यांना चहा, कॉफी, गुबगुबीत खुर्च्या झाल्या. सकाळी दहाला चित्रकारणीने यादीतून आणखी एक बाक काढून टाकला होता. सवयीने म्हणाली होती, "त्याला सांगा, तीनशे सातपासून एकेक मागे." सांगितलं कोणालाच नाही, खुर्ची रिकामी होती. चार फुटांवरच्या प्रोग्रामरला शब्द न् शब्द ऐकू आला होता. पण ऐकलं असं धरायचं नव्हतं ना. तो स्क्रूड्रायव्हरने कान खाजवत बसून राहिला.

पडद्यावर गाव उजाडलं. कप्तान म्हणाला, "बघा, इथे प्रत्येक माणसाला पोटापाण्याचा उद्योग आहे. कोणाच्याही मागे फिरा."

पाहुणे बेकरीत शिरले. रांगेतल्या बाईने भटाऱ्याकडून दोन विटा घेतल्या, एक तिथेच कडाडा चावून खाल्ली आणि म्हणाली, "आज छान भाजलीय." तिच्या मागच्याने डझनभर बांधून घेतल्या. शेजारी गवंडी पावांची भिंत रचत होता. पोस्टमनने दारोदार एकेक मासा टाकला. न्हावी डावाने हजामत करत होता आणि गिऱ्हाईक आरशात बघून मान डोलावत होतं. सहाव्या मजल्यावर लिफ्ट अडकली. छत्रीवाला धावत आला, पिशवी उघडली आणि तिच्यातून गुलाबांचा गुच्छ काढून लिफ्टच्या दाराला लावला. म्हातारी म्हणाली, "आलास बाबा, तुझ्यावाचून अडतं."

पाहुणे पडद्याकडे वाकले. मग एकाने खुर्चीचा हात पकडला आणि हसायला सुरुवात केली. बाकीच्यांचा बांध फुटला. चित्रकारीण तोंडावर रुमाल धरून बाहेर पळाली.

"हे झालं कसं?" एका पाहुण्याने डोळे पुसत विचारलं.

प्रोग्रामरकडे सगळ्यांच्या माना वळल्या. तो म्हणाला, "तिचा पाव आधीपासूनच विटेसारखा दिसायचा. मशीनला तरी फरक कसा कळावा?"

पाहुणे पुन्हा हसले. आत्या भिंतीशी उभ्या होत्या. त्यांनी हेही वहीत उतरवलं, जसंच्या तसं, वेळ घालून.

कप्तानाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. "आपल्याकडे हे कोण बघतं?" त्याने घोगऱ्या आवाजात विचारलं. सव्वीसातल्या हजर असलेल्यांनी एका रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं. कोणी ठरवलं नव्हतं. बोटं आपोआप गेली.

तिकडे घरी जावईबापू सकाळपासून अस्वस्थ. त्यांनी पडदे धुतले, पंखे पुसले, मिठाच्या बरणीवर चिठ्ठी लावली. बारा पाचला पहिला फोन वाजला. बारा वीसपर्यंत अकरा आले. बारावा स्वतः कप्तानाचा होता. "अरे बाबा, कुठे आहेस तू?" लेकीने सगळे मोजले आणि आईला कळवले. आत्यांना तो गटार उपसणारा आठवला.

जावईबापू टॅक्सी करून आले, कुंडीला एक वळसा घातला, निरोप दिला. चार मिनिटांत विटांचे पाव झाले. पाहुणे दुपारी उशिरा गेले, ते दोन तासांत इतकं हसलेले की पैसे नाही म्हणायची त्यांना ताकद उरली नव्हती.

शुक्रवारी कार्डं जमा झाली. जावईबापूंच्या कार्डावरचा कापसाळलेला पाचवा रकाना कप्तानाने स्वतःच्या पेनाने भरला: 'सगळे.' बाकीच्यांपैकी सातांचे रकाने रिकामे होते, पण गडबडीत तो विषय मागे पडला. पाहुण्यांनी कप्तानाला विचारलं असतं तर त्याचंही आठवं रिकामं कार्ड झालं असतं, हे आत्या कोणाला बोलल्या नाहीत. त्यांचे तीन महिने भरायला थोडेच दिवस होते.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण दुपारी तीनला प्रोग्रामर उठला. स्वतः उठला, स्वतः कुंडीला वळसा घातला आणि चित्रकारणीच्या टेबलाशी उभा राहिला.

"पानं परत लावलीत," तो म्हणाला.

"कुठली?"

"झाडाची. सगळी. दुसरीकडे वजन कमी केलं, आता खेळ नाही रांगत."

तिने पडद्यावर चौक उघडला. झाड डवरलेलं होतं. तिने पानं मोजल्यासारखं केलं, नाक ओढलं आणि म्हणाली, "काल माझंच चुकलं. ओरडून सांगायला हवं होतं तुला."

"मला ऐकू आलं होतं."

दोघंही हसली. दोन वर्षांचं साचलेलं हसू होतं, बराच वेळ पुरलं. मग ती म्हणाली, "यादीतून एक कारंजं काढून टाकतेय, बरं का. चारशे दोनपासून एकेक मागे." तो तिथूनच म्हणाला, "घेतो."

जावईबापू भरल्या डोळ्यांनी सासूकडे आले. "बघितलंत, आई? दोन वर्षांनी. माझ्या तक्त्यात ही जागा आज पहिल्यांदा हिरवी झाली."

"छान झालं," आत्या म्हणाल्या. त्यांचं लक्ष दाराकडे होतं.

दारात कप्तान उभा होता. त्याने गप्पा मारणाऱ्या जोडीकडे पाहिलं. मग जावईबापूंकडे. मग हातातल्या कार्डांच्या गठ्ठ्याकडे. आयुष्यात पहिल्यांदाच तो बोटीतली वल्ही मोजत असावा. त्याने गठ्ठ्यातून एक कार्ड वर काढलं आणि आपल्या खोलीत गेला. पेन शोधत असल्याचा आवाज आला.

जावईबापूंना यातलं काही दिसलं नाही. ते तक्त्यात हिरवा रंग भरत होते.

आत्यांनी वही बगलेत मारली. मग पाण्याचा तांब्या घेतला, कुंडीपाशी गेल्या आणि हळूहळू पाणी घालू लागल्या. प्रोग्रामर आपल्या जागी परतला होता, कानांना हेडफोन.

"काल तुम्ही बाहेर गेलात ना," त्या चित्रकारणीला म्हणाल्या, "तेव्हा पाहुण्यांनी विचारलं, पावाच्या विटा कशा झाल्या म्हणून."

"मग? काय म्हणाला हा?"

आत्यांनी वही उघडली. एकतीस वर्षांत त्यांनी कार्डावर पदरचं एक अक्षर घातलं नव्हतं, आताही घातलं नाही. जे लिहिलं होतं तेच वाचलं. "'तिचा पाव आधीपासूनच विटेसारखा दिसायचा. मशीनला तरी फरक कसा कळावा?' बारा वाजून दोन मिनिटं."

कुंडीतलं पाणी खालच्या बशीत उतरलं. मग चित्रकारणीने चौकातलं झाड बंद केलं.

"जावईबापू."

"हं?" त्यांनी हिरव्या रंगातून मान वर केली.

"त्याला सांगा, ती पानं ठेव म्हणावं स्वतःकडे. डोक्यावर चिकटव. टक्कल पडतंय, तिथे उपयोगी येतील."

प्रोग्रामरने हेडफोन काढला. "तिला सांगा," तो म्हणाला आणि त्याचा हात टाळूकडे गेला.

जावईबापूंचा चेहरा उतरला. त्यांनी तक्त्यातलं हिरवं पुसलं, लाल भरलं, खुर्ची मागे सारली आणि कुंडीला वळसा घातला. "ती म्हणते," त्यांनी सुरुवात केली आणि थांबले. योग्य शब्द कुठे ठेवलाय, ते शोधत होते. सापडला. "ती म्हणते, पानांची तू फार काळजी घेतोस."

कप्तान पेन घेऊन दारात आला होता. त्याने ते ऐकलं, पेनाला टोपण लावलं आणि परत गेला.

संध्याकाळी लेकीने दार उघडलं. जावईबापू पायपुसण्यावर उभे राहून बूट काढत होते. एका लेसची गाठ सुटत नव्हती.

"कसा गेला दिवस?"

"खूप काम होतं," ते म्हणाले.

लेकीने चमकून आईकडे पाहिलं. आत्या टेबलाशी भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही, फक्त एक कीड लागलेलं पान उचलून बाजूला ठेवलं.